कच्चा मासा आणि सुवासिक पान

मराठी भाषेत 'कच्चा' या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. कच्चा हिशेब, कच्ची पावती, कच्चा रस्ता, कच्चे मडके, कानाचा कच्चा मनुष्य; फार काय, ज्या पोराला खेळात बाद करावयाचे नाही आणि ज्याचा खेळ मोजावयाचाही नाही, ते पोरसुद्धा 'कच्चे लिंबू'! जे अद्याप पुरे झालेले नाही आणि ज्यावर विसंबता येत नाही, ते सारे कच्चे, असा आमच्या भाषेचा एकंदर कौल आहे. आणि तरीही जेवणाच्या पानावर डाव्या बाजूस नजर टाकावी, तर तेथे कच्च्याचेच राज्य दिसते. चोचवलेल्या काकडीची कोशिंबीर, मुळ्याचा कीस, कांद्याच्या फोडी, कैरीचे काप, वरून भुरभुरलेली कोथिंबीर आणि कोपऱ्यात लिंबाची फोड. ही सारी मंडळी चुलीचे तोंड न पाहता थेट पानावर येऊन बसतात आणि त्यांच्यावाचून जेवणाला रुची येत नाही.

मात्र 'कच्चा' आणि 'मासा' हे दोन शब्द शेजारीशेजारी ठेवले की चांगला मासेखाऊ गृहस्थही पाटावरून अर्धा उठतो. शाकाहारी वाचकांची गोष्ट निराळी. त्यांना दोन्ही मासे सारखेच. परंतु ज्यांची हयात पापलेट, सुरमई आणि बांगडे यांच्या सहवासात गेली, तेच अधिक दचकतात. याचे कारण उघड आहे. कच्च्या माशाची त्यांची ओळख असते ती मागील दारची: विळी, राख, उडणारे खवले आणि आशेने बसलेले मांजर. त्या माशाच्या आणि ताटातल्या माशाच्या मध्ये चूल असते, आणि ती ओलांडल्यावाचून मासा अन्नाच्या पदवीस पोहोचत नाही, अशी आपली पिढीजात समजूत आहे. आम्हीही त्याच समजुतीत वाढलो. तथापि गेल्या काही वर्षांत आम्हांला कच्च्या माशाची गोडी लागली आहे, आणि त्याच्यासोबत जे सुवासिक पान येते, त्याची तर त्याहूनही अधिक. या गोडीत आहे तरी काय, आणि समुद्रापासून दूर राहून ती किती पुरवावी व कोठे आवरावी, याविषयी चार शब्द लिहिण्याचा विचार आहे.

आमचे वास्तव्य पुरुषोत्तमनगरास. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात साखर कारखान्यामुळे नावारूपास आलेले हे गाव. उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ, दक्षिणेस तापी, आणि मधल्या सपाटीवर ऊस, केळी, पपई व कापूस. आमचे घराणे मूळचे रत्नागिरीकडचे. नोकरीच्या निमित्ताने इकडे आलो आणि इकडचेच होऊन राहिलो. समुद्र येथून दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. तो आमच्या आठवड्याच्या बाजारात येतो खरा, पण वाळून येतो: बोंबील, सुकट, जवळा. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, ठेचा आणि भाजलेला बोंबील हे जेवण आम्ही कोणत्याही मेजवानीच्या बरोबरीने लेखतो. ओली मासळी मिळते ती गोड्या पाण्याची. प्रकाशा येथे गोमाई नदी तापीस मिळते. त्या अंगाचे रोहू, कतला, मरळ, वाम आणि उकाईच्या जलाशयातले मासे बाजारात दिसतात. उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले आणि त्याचे पाणी मागे आमच्या जिल्ह्यापर्यंत पसरले. तेव्हापासून आमच्याकडच्या मासळीत जलाशयाचा वाटा मोठा आहे. ही मासळी खाण्यास उत्तम, पण ती चुलीवरची. कच्च्या माशाची गाठ येथे पडणे शक्यच नव्हते. तिच्यासाठी पूर्वेकडे बरेच दूर जावे लागले.

आमचे चिरंजीव तोक्यो शहराच्या एदोगावा विभागात, निशी-कासाई येथे राहतात. सन २००० च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी हिंदी अभियंते त्या भागात राहू लागले आणि हळूहळू तेथे हिंदी कुटुंबांची मोठीच वस्ती झाली. त्यांत मराठी घरेही पुष्कळ. २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले, यावरून ही वस्ती तेथे किती रुजली आहे याची कल्पना यावी. अशा ठिकाणी पोहे, साबुदाणा आणि गोडा मसाला यांची वाण पडत नाही; त्यामुळे मनात आणले असते तर आम्ही महिनाभर राहून जपानी अन्नाचा एक घासही न घेता परत येऊ शकलो असतो. परंतु सूनबाईंना ते मंजूर नव्हते. एके संध्याकाळी त्यांनी आम्हां उभयतांना घराजवळच्या एका लहानशा खाणावळीत नेले.

समोर जे ताट आले, ते पाहून प्रथम वाटले की हे खाण्यासाठी नसून पाहण्यासाठीच असावे. पांढऱ्या मुळ्याच्या सुतासारख्या बारीक किसाची रास. तिच्यावर टेकवलेली दातेरी कडांची हिरवी पाने. आणि त्या पानांवर माशाचे काप: ट्यूनाचे तांबडेलाल, 'ताइ' नावाच्या माशाचे गुलाबी झाक असलेले पांढरे, आणि माकुलाचे जवळजवळ पारदर्शक. बाजूस हिरव्या लगद्याची एक चिमुकली गोळी आणि सोयाबीनच्या काळ्या रसाची वाटी. यास जपानी लोक साशिमी म्हणतात. सुशी ती निराळी. तिच्यात शिरका लावलेला भात असतो. साशिमी म्हणजे केवळ काप. आमच्या सौभाग्यवतींनी ताटाकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आधी." सूनबाईंनी मात्र निराळीच सूचना केली. "बाबा, माशाकडे आत्ता पाहूच नका. आधी ते पान हाताने जरा चोळा आणि हुंगा."

आम्ही हुंगले. वाचकहो, त्या वासाचे वर्णन एका शब्दात करणे कठीण आहे. तुळशीच्या मंजिऱ्या चुरडल्या, त्यात पुदिन्याचे एक पान टाकले, वर चिमूटभर जिरे व ओवा भरडून घातला, आणि लांब कोठेतरी लिंबाची साल सोलली, तर जे होईल त्याच्या आसपासचे काही तरी. वास परका होता, पण त्यात घरचे काही तरी होते. मग माशाचा एक काप त्या पानात गुंडाळला, काळ्या रसात टोक बुडविले आणि तोंडात घातला. पहिल्याने आला पानाचा खरखरीत स्पर्श आणि तो दरवळ. मागाहून माशाचा थंडगार मऊपणा. आणि मग एक हलकी गोडी, जी तळलेल्या किंवा कालवणातल्या माशात आम्हांला कधी लाभली नव्हती. ज्याची भीती होती तो हिवस वास कोठेच नव्हता. कोकणातली जुनी माणसे सांगत असत की, ताज्या मासळीला मासळीचा वास येत नाही. त्या म्हणण्याचा पुरता अर्थ आम्हांला तोक्योत कळला. सौभाग्यवतींनीही तीन काप घेतले. नंतर त्यांनी ताटातली उरलेली पाने नुसतीच खाऊन टाकली आणि निर्णय दिला की, "मासा ठीक आहे, पान चांगले आहे."

या पानाचे नाव शिसो. चौकशी करता कळले की, ते तुळशीच्या आणि पुदिन्याच्याच कुळातले आहे. त्याहून नवल म्हणजे ते आपल्या देशालाही परके नाही. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत हीच वनस्पती भंजीर या नावाने ओळखतात आणि तिच्या बियांची चटणी करतात. मणिपुरात तिचे बी थोइडिंग म्हणून खाल्ले जाते. आपण हिमालयात तिचे बी वाटतो, जपानी लोक तिचे पान खातात, एवढाच भेद. चिनी लिपीत हे नाव ज्या दोन अक्षरांनी लिहितात, त्यांचा अर्थ 'जांभळे' आणि 'पुन्हा जिवंत करणे' असा आहे. खेकडे अतोनात खाऊन आजारी पडलेल्या एका तरुणास हुआ तो नावाच्या प्राचीन वैद्याने याच पानाच्या काढ्याने वाचविले, अशी दंतकथा त्यामागे सांगतात. कथेचे खरेखोटे कसेही असो. मासळी आणि हे पान यांची सांगड जुनी आहे, एवढे तिच्यावरून दिसते.

ताटातल्या इतर मंडळींचीही कुळे तपासली, तेव्हा आमचा परकेपणा आणखी कमी झाला. पांढरा कीस तो मुळ्याचा. हिरवी गोळी ती वासाबीची. ही वनस्पती मोहरीच्या कुळातली, आणि तिचा तो नाकातून थेट टाळूला भिडणारा झटका ज्या द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य आपल्या फेसलेल्या मोहरीतही असते. कैरीच्या लोणच्यासाठी घरात मोहरी फेसली जात असता ज्याच्या डोळ्यांतून पाणी आले आहे, त्याला वासाबीचे भय बाळगण्याचे कारण नाही. म्हणजे मुळा आपला, मोहरीचा झणका आपला, पान आपल्या तुळशीच्या गोतातले. ताटात खरोखर नवा असा एकटा मासाच होता, आणि त्याच्याभोवती आमचीच भावकी बसली होती!

परंतु ही भावकी तेथे कशासाठी बसते, हा खरा प्रश्न आहे. आमच्या मते त्याचे उत्तर चुलीपाशी सापडते. आपण मासा शिजवितो तेव्हा अग्नी तीन कामे करतो. पहिले, तो अन्नातले जीवजंतू मारून ते निर्धोक करतो. दुसरे, तो मांस मऊ करून दाताजोगे करतो. तिसरे, तो सुवास निर्माण करतो. तव्यावरच्या तुकडीचा खमंग वास चार घरे पलीकडे जातो तो त्याच्याच कृपेने. आता ज्या पाककृतीने अग्नीला रजा दिली, तिला ही तिन्ही कामे दुसऱ्या कोणाकडे तरी सोपविणे भाग आहे. मऊपणाचे काम जपानी आचारी सुरीकडे देतो. काप किती जाड, कोणत्या दिशेने, धाग्याच्या आडवा की तिरपा, यावर तो आयुष्य घालवितो, आणि त्याची सुरी लांब, अरुंद व एकाच अंगाने धार दिलेली असते. सुवासाचे काम पानाकडे जाते. कच्च्या माशाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्याची गोडी फार हळू आवाजात बोलते. पान ती गोडी ऐकू येईल इतके भोवतालचे वातावरण तयार करते आणि जिभेवर राहिलेला स्निग्धपणा पुसून पुढच्या घासासाठी तोंड मोकळे करते. म्हणून ते पान शोभेपुरते मानणे म्हणजे फोडणी शोभेपुरती मानण्यासारखे आहे. शोभेसाठी जपानात निराळी हिरव्या प्लॅस्टिकची पाने मिळतात. त्यांना वास नसतो आणि ती कोणी खातही नाही.

पानाचे हे सामर्थ्य आपल्या स्वयंपाकघरास ठाऊक नाही असे मात्र कोणी समजू नये. मराठीत तर जेवणाच्या ताटासच 'पान' म्हणतात. पान मांडायचे, पान वाढायचे, पानावरून उठायचे. केळीचे पान खाली, कढीपत्त्याचे पान फोडणीत, कोथिंबिरीचे पान वर आणि जेवण झाल्यावर विड्याचे पान हातात. कोकणात हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात, आणि त्याच पानात कोणी बांगडाही लपेटून भाजतात. पान उघडताच जो वास येतो, तो ज्याने घेतला त्याला अधिक सांगणे नको. मुंबईच्या पारशी घरांत कोथिंबीर, मिरची आणि ओले खोबरे यांची हिरवी चटणी पापलेटास फासून, ते केळीच्या पानात बांधून वाफवितात. बांगड्याच्या कालवणात तिरफळ पडते ते याच हेतूने. भेद इतकाच की, आपले पान बहुधा माशाबरोबर आगीत जाते आणि आपला वास माशाला देऊन स्वतः फेकले जाते. जपानी पान हिरवेच्या हिरवे माशाबरोबर तोंडात जाते.

सुवास आणि मऊपणा यांची सोय झाली. उरले अग्नीचे पहिले काम, निर्धोकपणाचे. आणि तेथेच विषय गंभीर होतो. हे काम पान करू शकत नाही. शिसोच्या तेलात जंतूंची वाढ रोखण्याचा थोडाबहुत गुण आहे हे खरे. पण माशाच्या मांसात दडलेल्या कृमीला तो गुण भीक घालत नाही. समुद्रातल्या माशांत अॅनिसाकिस नावाचा एक बारीक सुतासारखा कृमी असतो; तो जिवंत पोटात गेला तर काही तासांतच असह्य कळा येतात. शिरका, मीठ, सोयाबीनचा रस वा वासाबी यांपैकी कशानेही तो मरत नाही, असे जपानचे आरोग्यखाते लोकांना वारंवार बजावते. तो मरतो शिजविल्याने, किंवा उणे २० अंशांच्या थंडीत निदान २४ तास गोठविल्याने. म्हणजे अग्नीची जागा घेतली ती थंडीने आणि दक्षतेने. दूरच्या समुद्रात धरलेला ट्यूना बोटीवरच उणे ६० अंशांच्या आसपास गोठवितात. तो बंदरावरून बाजारात, बाजारातून दुकानात आणि दुकानातून ताटात येईपर्यंत त्याची थंडी कोठेही तुटू देत नाहीत. तोक्योचा त्सुकिजी येथील जुना घाऊक मासळीबाजार २०१८ साली तोयोसु येथे हलविला; नव्या जागेत मासळीभोवतीची हवाही थंड ठेवता येते, हे त्या स्थलांतराच्या लाभांपैकी एक होते.

हा सारा खटाटोप फार जुना नाही. ज्या काळी बर्फ नव्हता, त्या काळी समुद्रापासून दूरच्या जपान्यांनाही ताजा कच्चा मासा मिळत नसे. क्योतो ही प्राचीन राजधानी समुद्रकाठी नाही. तेथे वाकासा उपसागरातला बांगड्याच्या कुळातला मासा मीठ लावून, माणसांच्या पाठीवरून डोंगर ओलांडून येत असे, आणि त्या वाटेला अजून 'सबा कायदो' म्हणजे त्या माशाचाच मार्ग म्हणतात. बिवा सरोवराकाठचे लोक गोड्या पाण्यातला मासा खारवून, शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून आंबवीत. शहाद्याच्या बाजारात बोंबील निवडून घेताना क्योतोच्या त्या जुन्या गृहस्थांविषयी आम्हांला मोठी आपुलकी वाटते. तसेच, जे जपानी आज सामन मासा इतक्या आवडीने कच्चा खातात, ते पूर्वी आपल्याकडचा सामन कृमींच्या भयाने शिजवूनच खात. १९८० नंतरच्या दशकात नॉर्वेच्या लोकांनी, आपला सामन पिंजऱ्यात ठराविक खाद्यावर वाढविलेला म्हणून निर्धोक आहे, असे त्यांना पटविले, आणि मग तो त्यांच्या ताटात आला. आपल्याकडेही मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात २००४ साली एका नामांकित जपानी आचाऱ्याच्या नावाचे उपाहारगृह उघडले आणि श्रीमंतांच्या मेजावर साशिमी दिसू लागली. तेव्हा कच्चा मासा खाण्याची आवड ही रक्तात असते असे मुळीच नाही. तिच्यामागे विश्वास लागतो, आणि तो विश्वास कोणीतरी मेहनतीने कमवावा लागतो.

हे आम्ही विस्ताराने लिहितो याचे कारण गेल्या उन्हाळ्यातला एक प्रसंग. सुटीसाठी चिरंजीव सहकुटुंब पुरुषोत्तमनगरास आले होते. आमची नात आठ वर्षांची. मराठी स्वच्छ बोलते, पण जिभेने अर्धी जपानी. तिला घेऊन बाजारात गेलो. तेथे नुकताच आणलेला एक मोठा कतला फळीवर मांडला होता. डोळे चकचकीत, कल्ले लाल. पोरीने टाळ्या पिटल्या आणि म्हणाली, "आजोबा, हा साशिमीसाठी घेऊ या ना!" मासे विकणारी बाई हसली. शेजारचा एक तरुण परिचित मात्र हसला नाही. त्याने अशी साशिमी फोनवर पाहिली होती. तो गंभीरपणे म्हणाला, "काका, खरंच होतं. लिंबू पिळून अर्धा तास ठेवलं की मासा आपोआप शिजतो." दोघांचाही उत्साह निर्मळ होता, आणि म्हणूनच आम्ही तेथे पाय रोवून उभे राहिलो.

लिंबाने मासा शिजत नाही. आंबटाने त्याचे मांस पांढरे आणि घट्ट होते, डोळ्यांना शिजल्यासारखे दिसते. आतला कृमी सुखरूप राहतो. याचे सर्वांत दुःखद उदाहरण सयाम देशाच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, ईशान्य प्रांतांत आणि लाओसमध्ये आढळते. तेथे 'कोइ प्ला' नावाचा एक लोकप्रिय पदार्थ आहे: गोड्या पाण्यातले मासे बारीक चिरून, त्यांत लिंबाचा रस, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड आणि पुदिन्यासारखी सुवासिक पाने घालून कालवितात आणि कच्चेच खातात. चवीला तो उत्कृष्ट असतो असे खाणारे सांगतात, आणि ते आम्हांला सहज खरे वाटते. परंतु त्या नद्यांतल्या कतल्या-रोहूच्याच कुळातील माशांत एक चपटा कृमी असतो. तो माणसाच्या यकृतातील पित्तनलिकेत जाऊन वर्षानुवर्षे मुक्काम करतो. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून गोगलगाईत आणि तिच्यातून पुन्हा माशात, असे त्याचे चक्र चालते. बाहेर काही कळत नाही; पण पुष्कळ वर्षांनी पित्तनलिकेचा कर्करोग उद्भवतो. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने या कृमीची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली. ईशान्य थायलंडात या रोगाने घरेच्या घरे उजाड केली आहेत. उत्तर व्हिएतनामातही कच्चा मासा नाना प्रकारच्या पानांत गुंडाळून खाण्याची चाल आहे, आणि तेथे याच कृमीचा एक भाऊबंद आढळतो. मरळीच्या जातीच्या माशांतून शिरणारा आणखी एक कृमी तर माणसाच्या कातडीखाली भटकत फिरतो.

मेकाँगच्या खोऱ्यातला कृमी तापीत आहे असे आमचे म्हणणे नाही. पण त्यापासून निघणारा नियम एका खोऱ्यापुरता नाही: ज्या गोड्या पाण्यात गावांचे सांडपाणी उतरते, त्या पाण्यातला मासा कितीही ताजा, कितीही सुंदर असला, तरी तो कच्चा खाऊ नये. पानांच्या सुवासाने फसून जाऊ नये. आम्ही त्या तरुणास हे सांगितले, आणि नातीला तिच्या वयाच्या बेताने सांगितले. तिने विचारले, "मग तिकडचा मासा चालतो आणि इकडचा का नाही? इकडचा मासा वाईट आहे का?" प्रश्न साधा होता, पण तो आम्हांला टोचला. तिच्या मनात तिकडचे ते चांगले आणि इकडचे ते वाईट अशी विभागणी आमच्याच तोंडून रुजावी, हे आम्हांला सोसण्यासारखे नव्हते. आम्ही तिला म्हणालो, "मासा वाईट नाही, बाळ. तो नदीचा आहे आणि तो समुद्राचा. याला चूल हवी, त्याला बर्फ हवा. ज्याला जे हवे ते द्यावे."

मग कतला घेतला आणि केळीचे पान शेजारच्या मळ्यातून आणले. सौभाग्यवतींनी माशाच्या जाड तुकड्यांना हळद, मीठ, लसूण आणि आमच्या नंदुरबारची लाल मिरची लावून, ते पानात बांधून निखाऱ्यावर ठेवले. हे इकडचे ज्ञान आहे. पानात गुंडाळून मासा भाजण्याची कृती आम्ही प्रथम सातपुड्याच्या पायथ्याशी एका भिल्ल कुटुंबात पाहिली. इतक्यात सूनबाई अंगणात गेल्या आणि कुंड्यांतून व वाफ्यांतून मिळेल ते घेऊन आल्या: ओव्याची जाड लुसलुशीत पाने, पुदिना, कोथिंबीर, कांद्याची कोवळी पात आणि तुळशीची चार पाने. सारे धुऊन, निथळून एका थाळीत मांडले. शेजारी मुळ्याचा कीस आणि लिंबू. पुडी उघडली, वाफ निघाली; पोरीने माशाचा काटे काढलेला तुकडा ओव्याच्या पानावर ठेवला, वर पुदिना घातला, पान मिटले आणि तोंडात टाकले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे शिसो नाही." आम्ही म्हणालो, "नाही." "पण हे पण चालेल," एवढे बोलून तिने दुसरे पान उचलले. तेव्हापासून आमच्या घरी हा पायंडा पडला आहे: मासा शिजलेला आणि पाने कच्ची. ज्यास उपाहारगृहाची वा परदेशाची वाट नाही, त्यास कच्च्या माशाच्या आनंदातला अर्धा वाटा अशा रीतीने घरच्या घरी, निर्धास्तपणे घेता येतो. आणि सौभाग्यवतींचा पहिल्या दिवशीचा निर्णय लक्षात घेतला, तर तो अर्ध्याहून थोडा अधिकच भरेल.

राहिला उरलेला वाटा. त्याविषयी आमच्या मनात एक विचार घोळत असतो. कच्चा मासा एकट्या आचाऱ्याच्या हुशारीने ताटात येत नाही. तो धरणारा, गोठविणारा, वाहून नेणारा, तपासणारा, विकणारा आणि कापणारा, या सर्वांनी आपापले काम कोणी पाहत नसतानाही नीट केले असले, तरच तो निर्धास्तपणे खाता येतो. शिजविलेल्या अन्नात चूल इतरांच्या पुष्कळ आळसावर पांघरूण घालते. कच्च्या अन्नात प्रत्येकाचा आळस उघडा पडतो. ज्या गावात मनुष्य डोळे मिटून कच्चा मासा खाऊ शकतो, त्या गावचे पाणी, बाजार, रस्ते आणि माणसांचा शब्द या साऱ्यांनाच ते एक प्रशस्तिपत्र होय. आमच्या बाजारात मासे विकणाऱ्या त्या बाईच्या फळीवर पुरेसा बर्फ असावा, तिच्या पाठीमागचे गटार झाकलेले असावे आणि नदीत जाणारे पाणी आधी स्वच्छ होऊन जावे, ही मागणी साशिमीसाठी नाही. शिजवून खाणाऱ्यालाही ती तितकीच हवी आहे. आमच्या भाषेने 'कच्चा' हा शब्द अविश्वासाच्या अर्थी वापरला, तो त्या त्या काळच्या अनुभवाने. तो अनुभव पालटणे माणसांच्याच हातचे आहे. ते होईपर्यंत चूल पेटती ठेवावी, आणि पाने मात्र हिरवीच खावीत.